इंजेक्शन देणारी खरंच नर्स आहे का, हे पेशंटने कसं ओळखायचं?

महालकर ताई:
मागच्या महिन्यात आई नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती होती. रात्री दोनला एक मुलगी सलाइनमध्ये इंजेक्शन सोडायला आली. ना नाव विचारलं, ना मनगटावरची पट्टी पाहिली. औषध शेजारच्या काकूंचं होतं! मी ओरडले म्हणून थांबली. सकाळी कळलं, तिने कोर्सच केलेला नाही, तिथेच हाताखाली शिकली. तिच्यावर राग नाही, माझ्या धाकट्या बहिणीएवढी आहे. पण गणवेश सगळ्यांचा सारखाच, मग आम्ही ओळखायचं कसं?

निवृत्त सिस्टर:
ताई, थेट विचारा, 'नोंदणी क्रमांक काय?' खऱ्या नर्सला याचा राग येत नाही. नर्सिंगचे कोर्स तीन: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. 1966 चा कायदा आहे त्यासाठी. नोंदणीवहीचा उपयोग पेशंटला झाला पाहिजे, नाहीतर ती कपाटातच राहते. नाव आणि क्रमांक छातीवरच्या बिल्ल्यावर हवा, असं मला मनापासून वाटतं.

मानेवाडा:
2023 च्या राष्ट्रीय परिचर्या आयोगाच्या कायद्यात आचारसंहिता आणि नोंदणीसाठी वेगळं मंडळ आहे. मात्र तक्रार ऐकणाऱ्यांत पेशंटच्या बाजूचं कोणी असावं. आणि स्वस्तात पडते म्हणून अशी मुलगी रात्रपाळीला लावणाऱ्या मालकालाही जाब विचारला जावा.

महालकर ताई:
सिस्टर, उद्याच लेखी तक्रार देते. त्या मुलीचं नाव घालणार नाही, दवाखान्याचं घालते.