मदत हवी आहे : मामेबहिणीच्या लग्नात फोटो काढायचेत, दारातला मांडव आणि मे महिन्याचं ऊन

केतकी_पिवळी

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा प्लीज.

मे च्या दुसऱ्या आठवड्यात मामेबहिणीचं लग्न आहे. गुहागर तालुक्यात, मामाच्या घरीच, हॉल वगैरे काही नाही, दारात मांडव. मुहूर्त ११ वाजून ५२ मिनिटांचा. चिपळूणहून एक फोटोग्राफर ठरवलाय पण तो लग्नाच्या दिवशी सकाळी येणार आणि पंगती उठल्या की जाणार, त्यामुळे आदल्या दिवशीचं देवक, बांगड्या, हळद, घरातली गडबड हे सगळं आणि लग्नात "ते कोणाला न सांगता काढतात ना, तसले" (हे मामाचे शब्द) फोटो माझ्या गळ्यात पडलेत. कारण काय तर ताईकडे मोठा कॅमेरा आहे.

मोठा कॅमेरा म्हणजे कॅनन १५००डी, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, आणि फ्लॅश म्हणजे डोक्यावर टपकन उघडतो तोच. मी आजवर पक्षी आणि सड्यावरची फुलं काढलीत, ती बिचारी तक्रार करत नाहीत. माणसांचे फोटो म्हटलं की हात थंड पडतात. लेन्स नवी घेऊ का, भर दुपारी मांडवात काय सेटिंग ठेवू, अंतरपाट सरकतो तो क्षण कसा पकडायचा आणि ग्रुप फोटोत माणसं गोळा कशी करायची ते सांगा. बजेट विचारू नका, नाहीये.

तिरफळ

लेन्स विकत घेऊ नको, ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) भाड्याने आण दोन-तीन दिवस, चिपळूण रत्नागिरीत नाही मिळाली तर पुणे-मुंबईहून येणाऱ्या कोणाला तरी घेऊन यायला सांग. तुझी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, ५५ ला एफ ५.६ च्या खाली येत नाही, तिच्या मानाने ही नऊ-दहा पट उजेड आत घेते, हळदीच्या रात्री हाच फरक लागतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. तुझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, म्हणजे माजघरात भिंतीला पाठ टेकलीस तरी दोनच माणसं मावतील, तिथे १८-५५ च लाव आणि खिडकी-दार बघून उभी राहा. दुसरं म्हणजे एफ १.८ आहे म्हणून १.८ वरच काढायचं नसतं. दोन मीटरवरून जेमतेम १० सेंटीमीटर खोलीचं शार्प येतं, नवरीचा डोळा लख्ख आणि शेजारी वाकलेली करवली भुरकट. दोन चेहरे असतील तर २.८ कर आणि आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा) १६००, ३२०० ला बिनधास्त जा. थोडा दाणेदार फोटो घरच्यांना दिसतसुद्धा नाही, हललेला लगेच दिसतो.

फोकसचे ९ पॉइंट आहेत तुझ्याकडे, त्यातला मधलाच अंधारात भरवशाचा. तोच ठेव आणि फोकस करून मग फ्रेम सरकव.

खिडकीपाशी

तुम्ही सगळे लेन्सबद्दल बोलाल, मी मांडवाबद्दल बोलतो कारण खरी मारामारी तिथे आहे.

केतकी, गुहागरच्या अक्षांशावर मे च्या दुसऱ्या आठवड्यातच शून्य सावलीचा दिवस येतो, साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर. तुमचा मुहूर्त त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. म्हणजे उघड्यावर कोणाचाही फोटो काढलास तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मांडवात ऊन नाही लागणार, पण मांडवाचं कापड काय रंगाचं आहे? डेकोरेटर लोक लाल-पिवळं नाहीतर गुलाबी झालरीचं छत टाकतात, त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडतो, नवरी लालबुंद, गुरुजी लालबुंद. त्यात बाजूने अंगणातला पांढरा उजेड येणार म्हणजे एक गाल लाल आणि एक गाल निळसर. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल, रंग नंतर बदलता येतात ती) काढलं तरी हे सुटत नाही कारण एकाच चेहऱ्यावर दोन रंग आहेत, एक सुधारलास की दुसरा बिघडतो.

आणि झावळ्यांचा मांडव असेल तर कवडसे, नवऱ्याच्या नाकावर एक आणि मुंडावळ्यांवर एक.

म्हणून आत्ताच मामांना सांग, बाकी मांडव कसाही रंगीत घाला पण बोहल्याच्या वरचा तुकडा, साधारण १५ फूट बाय १५ फूट, पांढऱ्या कापडाचा हवा. झावळ्या असतील तर त्यांच्या खालून पांढरं ताणा. खाली बैठक पण पांढरी किंवा फिकी, तिच्यावरून उजेड उलटून हनुवटीखाली येतो. आणि बोहल्याच्या मागे मोकळं अंगण नको, घराची भिंत किंवा कनात हवी, नाहीतर मागचं सगळं पांढरंफटक होऊन माणसं काळी दिसतात. ह्यातलं काहीही मांडव घातल्यावर बदलता येत नाही, म्हणून सेटिंगच्या आधी हे.

सेटिंग म्हणशील तर त्या पांढऱ्या छताखाली भर दुपारी आयएसओ ४०० ला सुद्धा भरपूर होईल.

वालाचं_बिरडं

एवढं कशाला, हल्लीच्या मोबाईलने ह्याच्यापेक्षा चांगले येतात, रंग पण आपोआप सुधारतो. उगाच बाईंना घाबरवताय. आणि ड्रोन असेल कोणाकडे तर वरून मांडव, माड आणि समुद्र, एक नंबर.

खिडकीपाशी

@वालाचं_बिरडं, हळदीच्या रात्री पळणाऱ्या पोराचा मोबाईलने काढलेला फोटो टाका इथे, मग बोलू. ड्रोनचं म्हणाल तर २५० ग्रॅमच्या आतला असेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी साइटवर नकाशा बघून तो भाग हिरव्या झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) आहे का ते बघायचं. आणि मंगलाष्टका चालू असताना डोक्यावर भुणभुण नको हो, वऱ्हाड जेवत असताना उडवा हवं तर.

फ्लॅशवाला_बंडू

मी कोल्हापूरकडे लग्नाचीच कामं करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो, रागावू नका ताई. पाहुण्यातला मोठा कॅमेरा हे आमचं सगळ्यात मोठं दुखणं असतंय. आम्ही जोडी उभी करणार, लायटिंग लावणार, आणि मागनं खांद्यावरनं हे लोक तोच फोटो काढणार, नवरी अर्धी इकडं बघतीय अर्धी तिकडं. तेव्हा त्या चिपळूणच्या भावाला चार दिवस आधी फोन टाका, मी आहे, मी हे हे काढणार आहे, तुमच्या आडवी येणार नाही, तुम्ही अंतरपाटाला कुठं उभं राहणार ते सांगा. तो खूष होऊन स्वतःच तुम्हाला जागा सांगेल.

आता अंतरपाट. दोघं समोरासमोर उभी असतात त्यामुळं मंडपातनं बघितलं की दोघांची फक्त बाजू दिसते. तो फोटोग्राफर तिथंच असणार, तो त्याला काढू दे. तुम्ही नवरीच्या मागं, एका खांद्याच्या बाजूला जावा, तिरकस, म्हणजे पट सरकल्यावर नवऱ्याचं तोंड सरळ मिळतं. मागं तिचा मामा उभा असतो, त्याला आधी सांगून ठेवा. पट कुठल्या बाजूला ओढणार ते गुरुजींना विचारा, बहुतेक उत्तरेला ओढतात, त्या बाजूला तुम्ही असाल तर कापड तोंडावर येतंय.

आणि एक खरी युक्ती. अक्षता प्रत्येक "शुभमंगल सावधान" ला पडतात. पाच-सहा वेळा तरी. म्हणजे अक्षता हवेत असलेला फोटो पहिल्या दोन-तीन मंगलाष्टकांतच काढून मोकळं व्हायचं, शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) ठेवा, दाणे थांबलेले दिसतील. "तदेव लग्नं" ऐकू आलं की शेवटचं आहे समजायचं, तिथनं पुढं फक्त चेहरे. नवशिके लोक उलटं करतात, शेवटच्याला सगळं एकदम पकडायला जातात आणि बँड वाजायला लागला की दचकतात. तुमचा कॅमेरा सेकंदाला ३ च फ्रेम काढतो आणि रॉ असेल तर दहा-एक फ्रेमनंतर अडखळतो, म्हणून बटण दाबून धरायचं नाही, पट हलला की मग दाबायचं.

हार घालताना थोडं लांबनं धरा, पोरं नवऱ्याला उचलणार, डोकं कापलं जातंय.

केतकी_पिवळी

बंडूभाऊ, हे अक्षतांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, फार फार आभार. फोटोग्राफरला फोन करतेच. हळदीबद्दल पण कोणी सांगा ना, ती संध्याकाळी सातनंतर आहे, अंगणात, डेकोरेटरचे एलईडी फोकस असणार आणि आमचे भाऊ म्हणजे कॅमेऱ्याला पण हळद लावतील असे आहेत.

तिरफळ

एलईडी फोकसमध्ये फोटोवर आडवे काळे-पांढरे पट्टे आले तर घाबरू नको, आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की जातात. १/१०० ला नाचणारं माणूस थोडं हलेल, हळदीत हलूदे. पिवळा रंग पटकन जळतो, गालावरची हळद नुसता पिवळा डाग दिसते, म्हणून एक्सपोजर थोडं कमीच ठेव. डोक्यावरचा फ्लॅश शक्यतो बंद, ओल्या हळदीवर चकाकून तेल लावल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा ज्या बाजूला फोकस आहे त्याच्या तिरकस उभी राहा.

जमलं तर हळद साडेसहाला सुरू करायला सांग, मे मध्ये तिकडे सूर्य सातच्या आसपास बुडतो, ती वीस-पंचवीस मिनिटं फुकटचं सोनं आहे. ऐकणार नाहीत माहितीये, तरी सांग.

कॅमेऱ्याला स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळ, लेन्सला साधा यूव्ही फिल्टर (पुढे बसवायची काच). हळद लागलीच तर पदराने पुसू नको, आधी फुंकर मारून उडव मग मऊ कापड.

सुलूआत्या६२

केतकी बाळा, कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही, पण गेल्या चाळीस वर्षांतल्या लग्नांचे अल्बम आमच्या कपाटात आहेत आणि कोण कोण त्यात नाहीये ते मला चांगलं कळतं. दरवेळी एक काकू नाहीतर आत्या अशी असते जी कार्यात आपणहून मागे मागे राहते, कधी नवरा नाही म्हणून, कधी आपलं कोण बघतंय म्हणून, कामं मात्र सगळी तीच करते. तिला हाताला धरून फोटोत आण. वाढपी, आचारी, पहाटे उठून फुलं ओवणाऱ्या शेजारणी, यांचे पण काढ, चिपळूणचा माणूस ते काढणार नाही.

ग्रुप फोटोचं म्हणशील तर आजी-आजोबांचे फोटो सकाळीच, गौरीहार पूजेच्या आधी. बारानंतर त्या उकाड्यात म्हातारी माणसं उभी राहत नाहीत आणि रागावलेली येतात फोटोत. बाकीच्यांची यादी मामीकडून आधीच लिहून घे, आणि माणसं बोलवायचं काम तू करू नकोस, एक खणखणीत आवाजाची काकू पकड जिला दोन्हीकडची नाती पाठ आहेत. तिने हाका मारायच्या, तू फक्त काढायचे. नवरा-नवरीला जेवणाआधी तासभर उभं ठेवू नका हो, उपाशी असतात बिचारी.

कानपिळीला तुझा मामेभाऊ काय तोंड करतो ते नक्की काढ. आणि पाठवणीचं आधी विचारून घे तिलाच, रडतानाचे फोटो सगळ्यांना हवे असतात असं नाही. माझे आहेत, मी कधीच उघडून बघत नाही.

फ्लॅशवाला_बंडू

आत्या बरोबर बोलल्या. ग्रुपला फक्त एवढं करा ताई, दोन-तीन रांगा असतील तर एफ ८, पुढच्या रांगेवर फोकस नको, मधल्या रांगेवर. आणि प्रत्येक ग्रुपचे तीन-चार काढायचे, कोणाचा ना कोणाचा डोळा मिटलेला असतोच. लाजाहोमाला धुराच्या पलीकडं उजेड असेल अशा बाजूला बसा, धूर दिसतो, मस्त येतंय.

बॅटरी जादाची घ्या, एकावर साधारण ५०० फोटो म्हणतात पण मागं स्क्रीन बघत बसलात तर त्याच्या आतच संपती. कार्ड एकच बसतंय तुमच्या कॅमेऱ्यात, म्हणून ६४ जीबीचं एक घेण्यापेक्षा ३२ ची दोन. रॉ मध्ये एका ३२ वर हजाराच्या आसपास मावतात. हळदीचं कार्ड काढून पाकिटात, लग्नाला नवीन.

केतकी_पिवळी

अपडेट. मामाशी बोलले. डेकोरेटरकडे पांढरं छत नाही म्हणे, सगळं लाल-सोनेरी. मामी म्हणाली आपल्याकडे पांढऱ्या चादरी आहेत नाहीतर बाजारातून मांजरपाट आणून शिवून घेऊ. काय करू? आणि हळद साडेसहाला करायला नवरी तयार आहे, मामा नाहीत :)

खिडकीपाशी

मांजरपाट. किंचित पिवळसर असतो, त्वचेला चांगलाच. चादरी नीळ घालून धुतलेल्या असतील तर चेहरे निळसर पडतील आणि त्या जाड पण असतात, उजेड अडवतात. मांजरपाटाचे पन्हे जोडून घ्या, एकपदरीच, अस्तर नको, आणि वर लाल छत ठेवून खाली पांढरं लावलं असं करू नका, लाल तेवढ्या जागेपुरतं काढायलाच लावा नाहीतर पांढऱ्यातून लालच झिरपेल. ऊन अगदीच भगभगीत वाटलं तर दुपदरी करा.

मांडव उभा राहिला की आदल्या दिवशी बारा वाजायच्या आत बोहल्यावर नवरीच्या जागी त्या मामेभावाला उभं करून एक फोटो काढ आणि इथे टाक, रंग बघून सांगतो.