फायबरच्या होडीवर म्युझिक सिस्टीम: मोटारीतले सामान चालेल का?

खाडीकाठ (प्रश्न)
नमस्कार. आमची १८ फुटांची फायबरची होडी देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ असते. ती भाड्याने देत नाही. सुट्टीत घरचेच पाच-सहा जण खाडीत फिरतो. मागे ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे आणि स्टार्टरसाठी १२ व्होल्टची एकच बॅटरी आहे. जुन्या मोटारीतून काढलेला स्टिरिओ, चार स्पीकर आणि २०० वॉटचा अॅम्प्लिफायर घरी पडून आहे. मोटारींचे काम करणारा ओळखीचा वायरमन ते बसवून द्यायला तयार आहे. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असतानाच काम उरकावे, असा विचार आहे. हे सामान खाऱ्या हवेत टिकेल का, आणि एकच बॅटरी पुरेल का?

तांब्याची तार
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण महत्त्व त्यालाच आहे. एकच बॅटरी ठेवू नका. नांगर टाकून, इंजिन बंद करून गाणी ऐकत बसलात तर स्टार्टरची बॅटरीच उतरेल, आणि ओहोटीच्या ओढीत नदीच्या मुखाशी इंजिन सुरू न होणे ही काही गंमत नव्हे. गाण्यांसाठी वेगळी डीप-सायकल बॅटरी (वारंवार बरीच उतरवून पुन्हा भरता येणारी) घ्या आणि दोहोंमध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) बसवा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरले की त्यांना वेगळे करतो. २०० वॉट हा पूर्ण आवाजाचा आकडा आहे. बेताच्या आवाजात सरासरी चार-पाच अँपिअर खर्च होतात असे धरले, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरूनही दिवसभराची सहल सहज निघते.

आता वायरमनविषयी. मोटारीचा सांगाडा लोखंडी असल्याने तो काळी वायर जवळच्या बोल्टला आवळून मोकळा होतो. फायबरच्या होडीत ती सोय नाही, प्रत्येक उपकरणाची ऋण तार थेट बॅटरीपर्यंत किंवा तिला जोडलेल्या बसबारपर्यंत (अनेक तारा एकत्र जोडायची धातूची पट्टी) परत न्यावी लागते. त्यामुळे तारेची लांबी जाण्या-येण्याची मिळून मोजावी. अॅम्प्लिफायर बॅटरीपासून ४ मीटरवर असेल तर तार ८ मीटर झाली, आणि २० अँपिअरचा प्रवाह असताना २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत एक व्होल्टहून अधिक वाया जातो, तर १० चौरस मिलिमीटरच्या तारेत जेमतेम पाव व्होल्ट. तार कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याचीच घ्या. साधे तांबे आवरणाच्या आतून काळे पडत जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, साधारण १८ सेंटिमीटरच्या आत बसवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. म्हणून टाकी ज्या बंद कप्प्यात आहे तेथे बॅटरी, रिले किंवा अॅम्प्लिफायर ठेवू नका.

निवांत नांगर
वरील सर्व मान्य. पहिल्या प्रश्नापुरते सांगायचे तर मोटारीच्या स्पीकरचा शंकू बहुधा कागदी असतो आणि चुंबकाजवळचे लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजते. होडीसाठी बनवलेल्या स्पीकरमध्ये पॉलिप्रॉपिलीनचा शंकू, भोवती रबराची कड आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतात. निवडताना वॉटपेक्षा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक विजेत किती डेसिबल आवाज निघतो याचा, आकडा पाहा. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला की निम्म्या विजेत तोच आवाज मिळतो.

स्पीकरचे भोक पाडल्यावर फायबरच्या थरांमधले प्लायवूड किंवा फोम उघडे पडते. त्याच्या कडांना इपॉक्सी लावल्याखेरीज स्पीकर बसवू नका, नाहीतर पाणी मुरून लाकूड कुजेल. होकायंत्र असेल तर स्पीकर त्यापासून निदान एक मीटर लांब ठेवा, कारण त्यांचे चुंबक सुई सरकवतात.

साधा_प्रवासी
एवढा खटाटोप कशासाठी? आयपी६७ दर्जाचा ब्लूटूथ स्पीकर आणावा आणि घरी जाताना पिशवीत टाकावा. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तो चालतो. फक्त तो तरंगतोच असे नाही, म्हणून दोरीने बांधून ठेवावा.

खाडीकाठ
सर्वांचे आभार. ब्लूटूथ स्पीकर घरी आहे, परंतु इंजिन चालू असताना तो ऐकू येत नाही. मोटारीचे स्पीकर बाद करतो. स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायर तरी वापरता येतील का? पुढे व्हीएचएफ संचही (इतर होड्यांशी आणि किनाऱ्याशी बोलण्याचा रेडिओ) बसवायचा आहे.

तांब्याची तार
अॅम्प्लिफायर कोरड्या, हवेशीर जागी आडोशाला बसवलात तर काही काळ चालेल, पण त्याच्यासाठी खर्च करू नका. स्टिरिओची पुढची बाजू उघडी राहते, त्यामुळे तो मात्र होडीसाठीचाच घ्या. व्हीएचएफची वीज आणि अँटेनाची केबल अॅम्प्लिफायरच्या तारांपासून दूर, वेगळ्या मार्गाने न्या, अन्यथा संचात खरखर येईल. चॅनेल १६ वरचे (संकटाच्या हाकेचे चॅनेल) बोलणे गाण्यांत बुडू नये म्हणून स्टिरिओचा बंद करण्याचा स्विच सुकाणूवरून हात पोहोचेल असा ठेवा.