फोटोबुक ऑनलाइन मागवायचं की पेठेत जाऊन छापून घ्यायचं?

सिंहगडरोडवाली
सासूसासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरात ५० वर्षं होतायत. १९७५चं लग्न. हॉल, जेवणावळ काही नको म्हणाले दोघं, मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की एक झकास फोटोबुक करू, आणि 'सगळ्यांनी' म्हणजे काम माझ्या गळ्यात हे ओघाने आलंच. दीर म्हणतो पेठेतल्या एखाद्या प्रेसमध्ये जा, समोर बसून करून घे. माझं मत ऑनलाइनच बरं. किंमत आधी कळते, पानं वाढवली की किती वाढले ते तिथल्या तिथे दिसतं, पोरं झोपल्यावर रात्री निवांत डिझाइन करत बसता येतं, कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

फक्त साइट निवडताना लोक भलतंच बघतात असं मला वाटतं. पन्नास टक्के ऑफ! अहो ती ऑफर बारा महिने चालूच असते, मूळ किंमत फुगवून ठेवलेली. बघायचं ते बाइंडिंग. ले-फ्लॅट असेल तर पुस्तक सपाट उघडतं, साधं गोंदाचं असेल तर दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला भाग घडीत जातो. आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुप फोटोत मधोमध आजेसासूबाई बसल्यात, त्यांनाच घडीत घातलं तर मला घरात राहू देतील का? दुसरं म्हणजे खराब आलं तर फुकट रिप्रिंट देतात का ते आधी वाचायचं. बाकी टेम्प्लेट, स्टिकर, फुलंबिलं सगळं गौण.
पटत नसेल तर फोडून काढा, पण कारण देऊन.

खिळेजुळणी
ताई, हयात प्रेसमध्ये गेली म्हणून बोलतो. तुम्ही स्क्रीनवर बघता ते प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, नव्हे. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे मोबाइलवर छान दिसणारा फोटो कागदावर हमखास काळवंडतो. त्यात तुमचे फोटो १९७५चे म्हणजे बहुतेक कृष्णधवल. डिजिटल मशीनवर कृष्णधवल फोटो चार रंगांत छापला की कधी हिरवट झाक येते, कधी गुलाबी. प्रेसमध्ये एक पान काढून खिडकीशी नेऊन बघता येतं आणि झाक दिसली तर तिथेच सांगता येतं. ऑनलाइनवाला थेट पूर्ण पुस्तकच पाठवणार. आणि कागद हातात घेतल्याशिवाय कसा कळणार? २०० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) लिहिलंय म्हणजे काय कळलं? मॅट आहे, चकचकीत आहे, मागचं पुढे दिसतंय का, हे बोटांना कळतं.
दुसरं, मराठी. बऱ्याच साइटींवर देवनागरी फॉन्ट नसतोच, असला तर जोडाक्षरं फोडून ठेवतो. चि. आणि सौ. कां. छापायचंय ना तुम्हाला?

अर्धाचहा
काका, आदर आहे, पण एका कॉपीसाठी प्रूफ काढून खिडकीशी नेणारी प्रेस आज कुठे उरलीय? मी मावशीच्या पंचाहत्तरीला पेठेतच गेलो होतो, नाव घेत नाही. आधी गाडी लावायला जागा शोधा, मग 'सोमवारी या', सोमवारी गेलं की 'ऑपरेटर गावाला गेलाय'. आणि मराठीचं म्हणाल तर मजकूर मी व्हॉट्सॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर येते त्या मराठीत, नीट टाइप करून दिला होता, त्यांनी तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला आणि मावशीच्या मिस्टरांच्या 'सूर्यकांत'चं झालं 'सूयर्कांत'. पहिल्याच पानावर, चांगल्या ठळक अक्षरात! मावशीने चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाली, 'हे कोण?'
ऑनलाइन निदान मी टाइप केलं तेच छापतात. चुकलं तर माझ्या हाताने.

खिळेजुळणी
@अर्धाचहा हा दोष प्रेसचा आहे, मान्य. पण फॉन्टला बोल लावू नका. श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर तर आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं, त्याच्यावर महाराष्ट्रातल्या प्रेस वर्षानुवर्षं चालल्या. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा वेगळी. त्यामुळे युनिकोडमधून तिकडे नेताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास उड्या मारतात. म्हणून बदलून झालं की माणसाने वाचायचं असतं. आमच्या वेळी मुद्रितशोधक नावाचा प्राणी असायचा, तो पगारासाठी भांडायचा पण रफार सोडायचा नाही. आता तो खर्च कुणालाच नको, तुमच्या ऑनलाइनवाल्यांना तर नाहीच नाही. तिकडे सूयर्कांत टाइप केलंत तर सूयर्कांतच येईल, वर चकचकीत खोक्यात घालून.

हडपसरचा_फोटोवाला
दोन्ही पार्ट्या चुकताय राव. कुठे छापता यापेक्षा फाइल काय देता ते बघा. माझ्याकडे दर सीझनला माणसं येतात, 'फोटो फुटला' म्हणून भांडतात, आणि फाइल बघावी तर व्हॉट्सॅपवरून आलेली. व्हॉट्सॅपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. छपाईला धरा ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). म्हणजे १६०० भागिले ३००, सव्वापाच इंच. तो फोटो तुम्ही १२ इंची पानावर ताणला की कुठलीही मशीन आणा, चेहरे मऊ मेणासारखेच येणार. डॉक्युमेंट म्हणून मागवा नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन नातेवाइकांच्या घरी जा, चहाही होतो.

जुने फोटो मोबाइलने खेचू नका, स्कॅन करा. ३ इंची फोटो पुस्तकात ६ इंच हवा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन. आणि ते चिकट पानांचे अल्बम असतील ना, वर प्लास्टिक असणारे, त्यातला फोटो उपसू नका, मागचा पापुद्रा निघतो. दातांचा फ्लॉस असतो तो दोरा फोटोखालून हळू ओढत न्यायचा. तरी नाहीच सुटला तर पानासकट स्कॅनरवर ठेवा.

तिसरा रस्ता कुणीच बोलला नाही. लग्नाचे ते जाडजूड करिझ्मा अल्बम ज्या लॅबमध्ये होतात तिथूनच करून घ्या. १२ बाय ३६ इंची स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं मिळून), न फाटणारी एनटीआर शीट किंवा खरा फोटोपेपर, आणि ले-फ्लॅट तर असतंच. लॅबवाले बहुतेक फोटोग्राफरकडूनच काम घेतात, तेव्हा ओळखीच्या फोटोग्राफरला थोडे पैसे देऊन त्याच्या नावाने टाका. कॅनव्हेरासारखी बंगळुरूची कंपनीसुद्धा मुळात फोटोग्राफर लोकांसाठीच उभी राहिलीय.

सिंहगडरोडवाली
@हडपसरचा_फोटोवाला फ्लॉसची युक्ती लगेच करून बघते, इथे दोन अल्बम अगदी तसेच आहेत. पण करिझ्मा नको हो. तो दिवाणाखाली जातो आणि दिवाणाखालीच राहतो, उचलायला दोन माणसं लागतात. मला सासूबाईंना मांडीवर घेता येईल असं पुस्तक हवंय.
@खिळेजुळणी काका, हिरवट झाक वगैरे हे मला खरंच माहीत नव्हतं. पण मग त्यावर ऑनलाइनमध्ये काहीच इलाज नाही का?

अर्धाचहा
आहे की. आधी त्याच साइटवर सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त पुस्तक मागवा, त्यात तुमचे सगळ्यात अवघड फोटो टाका, एक काळोखा, एक कृष्णधवल, एक ग्रुप. तेच प्रूफ. फक्त कागद आणि छपाई मोठ्या पुस्तकाची आहे तीच असली पाहिजे, नाहीतर उपयोग नाही. लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून मगच फोटो उजळ करा. मराठीसाठी साइटच्या एडिटरमध्ये टाइपच करू नका, पान बाहेर तयार करा, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट फुकट मिळतो, चांगला दिसतो, आणि अख्खं पान चित्र म्हणून चढवा. मग रफार उडायचा प्रश्नच नाही. कडेने ३ मिमी कापायला सोडा आणि अक्षरं कडेपासून चांगली आत घ्या.
पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. कोपरा मुडपलेला आला तर भांडायला पुरावा लागतो. तरी ऐकलं नाही तर १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन. २०१९च्या ग्राहक कायद्याने तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठली का असेना. पेठेतल्या प्रेसवाल्याने पावतीच दिली नाही तर तुम्ही काय दाखवणार?

खिळेजुळणी
पावती मागितली तर देतात. मागत कोण नाही ते बघा.

दुपारचीझोप
मला मुळात फोटोबुकच पटत नाही. छापलं की संपलं. एक फोटो राहिला, एखादी आत्या रुसली, की पुढच्या पन्नास वर्षांसाठी रुसली, पुस्तकात तिला घुसवता येत नाही. त्यापेक्षा ४ बाय ६ च्या प्रिंट काढा आणि खिशांचा साधा अल्बम घ्या. हवा तो फोटो काढून कुणाला देता येतो, नवा घालता येतो. शिवाय मागे लिहिता येतं. आमच्या आजीच्या फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि निळ्या शाईत 'डावीकडून तिसरी कुसुम' असं आहे, म्हणून आज कळतं की कोण कुठली. तुमच्या त्या चकचकीत पानावर कुसुम कुठे लिहिणार?

सिंहगडरोडवाली
@दुपारचीझोप आत्याचा मुद्दा घाबरवणारा आहे 😄 पण खिशांच्या अल्बममधले फोटो आमच्याकडे पाहुणे नेतात आणि परत आणत नाहीत, म्हणून तर हे सगळं. मागची बाजू मात्र मी आता स्कॅन करणारच, आणि शेवटच्या चार पानांत तीच छापणार, शिक्क्यासकट.

कुलूपकिल्ली
दोन गोष्टी. घरातल्या लहान मुलांचे फोटो, नावं, जन्मतारखा असं सगळं एका साइटवर चढवताना काम झाल्यावर प्रोजेक्ट आणि अकाउंट डिलीट करता येतं का ते बघा. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे खरा, पण आपण न दिलेलीच माहिती सगळ्यात सुरक्षित.
दुसरं, साइटवर डिझाइन ठेवून 'पुढे कधीतरी आणखी कॉपी काढू' असं मनात धरू नका. कोडॅकची ऑनलाइन गॅलरी २०१२ मध्ये बंद झाली, अॅपलने स्वतःची फोटोबुकं छापायची सेवा २०१८ मध्ये गुंडाळली. एवढ्या मोठ्यांची ही गत. पीडीएफ उतरवून घेता येत नसेल ती साइट माझ्या यादीतून बाद, बाइंडिंग सोन्याचं असलं तरी.

सिंहगडरोडवाली
@कुलूपकिल्ली हा निकष मी धरलाच नव्हता, आणि हा रिप्रिंटपेक्षा मोठा वाटतोय. म्हणजे @अर्धाचहा म्हणतात तसं पानं बाहेरच तयार केली की फाइल माझ्याकडेच राहते, मग साइट बंद पडो नाहीतर प्रेस. तरी मी ऑनलाइनच्याच बाजूने आहे, लहान पुस्तक आज रात्री टाकते. फक्त @खिळेजुळणी काका, ती पानं एकदा तुमच्या नजरेखालून घालायची आहेत. छापायला देत नाहीये हं, वाचायला देतेय. पाठवू का?

खिळेजुळणी
पाठवा. पण कागदावर काढून आणा, मोबाइलवर मी प्रूफ वाचत नाही. नावांची यादी वेगळी, सासूबाईंनी स्वतः तपासून सही केलेली. ओळीत सोडा अंतर, मला लाल पेन चालवायला जागा लागते.

अर्धाचहा
म्हणजे ताई, पेठेत पार्किंग शोधणं काही चुकत नाही.