स्टॉक फोटो (साइटवर ठेवायचे, लागेल तो पैसे देऊन वापरतो) विकून महिन्याला पाच-दहा हजार सुटतात का?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. नाशिकला एसवायला आहे. सेकंडहँड कॅनन २००डी आणि किट लेन्स. ट्रेक करून करून हार्ड डिस्क भरलीय : कोकणकडा, सांदण दरी, भंडारदऱ्याचे काजवे. यूट्यूबवाले सांगतात, झोपेत डॉलर येतात. सूर्यास्ताचे पन्नासेक फोटो एका साइटवर चढवले, तर निम्म्याहून जास्त 'सारखेच फोटो' म्हणून परत आले. घेतले त्यातला एकही विकला गेला नाही. खरंच कुणी कमावतंय का यातून? पप्पांना नवीन लेन्सचा खर्च पटवायचाय, आकडे सांगितलेत तर बरं. एआयमुळे सगळं संपलं असंही ऐकतोय.

फिरस्ता_६२
संपलंय. शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या साइटने जून २०२० मध्ये दर बदलले तेव्हाच माझा रस उडाला. फोटो काढणाऱ्याचा वाटा १५ टक्क्यांपासून सुरू, विक्री वाढेल तसा ४० पर्यंत चढतो, आणि १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर. एका डाउनलोडचे कमीत कमी १० सेंट. म्हणजे आपल्याकडे एक कटिंगही येत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घे, पोरा.

बेदाणावाली
फिरस्ता काकांचा दरांचा हिशोब बरोबर आहे, पण 'संपलंय' हे मला पटत नाही. मी तासगावची. शाळेत नोकरी करते, फोटो सुट्टीतले. तू कॉलेजात आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

आधी आकडा. सगळ्या साइट मिळून महिन्याला चाळीस-पन्नास डॉलर. कधी वीसच. दिवाळीच्या आधी जरा जास्त. यावर घर चालत नाही. पप्पांना 'पगार' म्हणून सांगू नकोस, 'लेन्सचा हप्ता निघेल, तोही दुसऱ्या वर्षापासून' असं सांग.

आता तुझे सूर्यास्त. फोटो वाईट असतील असं नाही, पण ते विकत कोण घेणार? घेणारा म्हणजे बँकेचं माहितीपत्रक बनवणारा डिझायनर, खताच्या कंपनीचा जाहिरातवाला, 'हळदीचे फायदे' लिहिणारी वेबसाइट. त्याला कोकणकडा नको असतो. त्याला विषय हवा असतो आणि अक्षरं टाकायला बाजूला मोकळी जागा. माझा सगळ्यात जास्त विकला गेलेला फोटो म्हणजे पांढऱ्या कागदावर चार हळकुंडं, शेजारी पितळी वाटीत हळद. खिडकीच्या उजेडात काढलेला. आमच्या ह्यांना तो अजून फोटो वाटत नाही.

तुला इथे जे रोजचं दिसतं ते बाकीच्या जगाला सहजी मिळत नाही. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत असतात. हिरवी, मग पोपटी, मग सोनेरी. ते टप्पे मी दरवर्षी काढते. हळद शिजवणं, पॉलिशचा ड्रम, सांगलीच्या यार्डातले सौदे. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत, त्यांचे फोटो फार थोडे खपले, पण घेणाऱ्याने चांगले पैसे मोजले होते. तू नाशिकचा. द्राक्षाची छाटणी, लासलगावचा कांदा लिलाव, कांदा साठवायची चाळ, ठिबकच्या नळ्या, गारपिटीनंतरची बाग, हे सोडून काजव्यांच्या मागे कशाला लागलास? (काजव्यांच्या झाडांखाली आता इतकी गर्दी असते की काजवे कमी, मोबाइल जास्त चमकतात. असो.)

'सारखेच फोटो' हा शेरा टाळायला सोपं आहे. एका विषयाचे तीन फोटो पाठव : एक लांबून, एक जवळून, एक माणसाच्या हातासकट. हात फार विकले जातात. मात्र हाताच्या धन्याला विचारून घे. चेहरा ओळखू येत असेल तर जाहिरातीच्या वापरासाठी मॉडेल रिलीजवर, म्हणजे त्या माणसाच्या संमतीपत्रावर, सही लागतेच, लहान मूल असेल तर पालकांची. आमच्या शेजारच्या काकूंनी सही करायच्या आधी 'सातबाऱ्यावर तर काही येत नाही ना' म्हणून दोनदा विचारलं होतं. खताच्या पोत्यावरचं नाव, ट्रॅक्टरचा लोगो, शर्टावरचा ब्रँड पुसून टाक, नाहीतर फोटो परत येतो.

कीवर्डचा, म्हणजे फोटो शोधताना लागणाऱ्या शब्दांचा, कंटाळा करू नकोस. अडोबी स्टॉक या दुसऱ्या साइटवर ४९ चालतात आणि पहिल्या दहांना जास्त वजन असतं, त्यामुळे क्रम विचार करून लाव. मी हळदीला शास्त्रीय नाव 'कर्क्युमा लाँगा' घालते, ते शोधणारे नेमके पैसेवाले गिऱ्हाईक असतात. अडोबी फोटोच्या विक्रीवर ३३ टक्के देते, तिथून सुरुवात कर. सणाचे फोटो सणाच्या दोन-तीन महिने आधी चढवायचे. गुढीचा फोटो पाडव्याला टाकलास तर तो पुढच्या वर्षीच्या पाडव्याला कामाचा.

एआयचं म्हणशील तर अडोबी तशी चित्रं 'एआयने केलेलं' असा शेरा लावून घेते, शटरस्टॉक आपल्यासारख्यांकडून घेत नाही. हसणारी ऑफिसातली माणसं, ढग, सूर्यास्त, यांचा धंदा त्यात बुडाला हे खरं. लासलगावात या आठवड्यात कांदा कसा पडलाय ते मात्र तिथे जाऊनच काढावं लागतं.

पानसुपारी
ताईंनी कराचं सांगितलं नाही, मी सांगतो. खातं उघडताना डब्ल्यू-८ बेन नावाचा अमेरिकी फॉर्म भरायला लावतात. न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, भरून भारत-अमेरिका कर-कराराचं कलम दाखवलं की १५. पॅन नंबर तिथेच द्यायचा. कापलेला कर इथल्या करातून वजा मागता येतो, कागद जपून ठेवा. पैसे पेपाल किंवा पेओनियर या ऑनलाइन खात्यांवर येतात. अडोबी आणि शटरस्टॉक दोन्हीकडे किमान २५ डॉलर साठल्याशिवाय निघत नाहीत, अडोबीवर पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवसही थांबावं लागतं. रक्कम छोटी असली तरी रिटर्नमध्ये दाखवा.

गोदाकाठचा
ताई, डोळे उघडले. चाळीचे फोटो उद्याच काढतो, मामांची आहे. अजून एक : वारीचे खूप फोटो आहेत, सिन्नरच्या पुढे काढलेले, निवृत्तीनाथांच्या पालखीचे. हजारो चेहरे, सह्या कुणाकुणाच्या घेऊ?

बेदाणावाली
एकाचीही नको. ते 'एडिटोरियल' म्हणून टाक. म्हणजे वर्तमानपत्र, मासिक, पाठ्यपुस्तक यांना चालतात, जाहिरातीला नाही. वर्णन ठरलेल्या पद्धतीने लिहायचं : गाव, देश, तारीख, मग काय घडतंय ते एका वाक्यात, विशेषणं न लावता. तारीख फोटोतल्या नोंदीशी जुळली पाहिजे, कॅमेऱ्याचं घड्याळ तपासून घे. रंग फार चढवू नकोस, काही पुसू नकोस, इथे लोगोसुद्धा तसाच ठेवायचा. ओळखू येणाऱ्या चेहऱ्यांचे असे फोटो अडोबीवर चालत नाहीत, शटरस्टॉक किंवा ब्रिटनच्या अलामीवर टाक. आणि कीवर्डमध्ये 'पंढरपूर', 'वारकरी', 'पिलग्रिमेज' तर घालच, पण त्र्यंबकेश्वर विसरू नकोस, ही पालखी निघते तिथूनच. आळंदी-देहूच्या फोटोंचा ढीग आहे, निवृत्तीनाथांच्या पालखीचे फारसे कुणी टाकत नाही.

मामांच्या चाळीत सकाळी जा, फटींतून तिरकं ऊन येतं तेव्हा.