तिसऱ्यांचं मांस गरीवर टिकवायचं तर

मासे धरायला दोरी फेकताच आमिषाचं तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) मांस गरीवरून, म्हणजे गळाच्या आकड्यावरून, सुटून जातं, काय करावं, असं एकाने विचारलंय. नुसतं टोचून ते राहणारच नाही. आदल्या रात्री तिसऱ्या सोलून मांसाला जाडं मीठ चोळा आणि चाळणीत घालून फ्रिजमध्ये निथळत ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं, मांस चिवट होतं. मग दोन-तीन तुकडे एकत्र ओवून वरून बारीक इलॅस्टिक दोरा ताणून दहा-बारा वेढे द्या. गाठ लागत नाही, ताणामुळे दोरा स्वतःलाच आवळून धरतो. गरीचं टोक मात्र उघडं हवं. फेकताना झटका नको, झोका द्या. आणि खाडीतली बारीक मासळी कुरतडून आमिष पळवत असेल, तर हा सगळा खटाटोप सोडा, सरळ माकुलाची (स्क्विडची) पट्टी लावा. तिसऱ्या कालवणालाच बऱ्या!