ज्याची माहिती मागवली, त्याला ते कळायला नको का?

धागालेखिका

पोलीस ठाण्याच्या एका लेखी आदेशावर आपले बँकेचे व्यवहार किंवा फोनवरचे संदेश तिसऱ्याच कोणाकडून तरी मागवता येतात, आणि ज्याचे हे सारे आहे त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या एका गोष्टीवर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढते आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ९१ होते) असा आदेश न्यायालयाप्रमाणेच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही काढता येतो. जुन्या कलमात ‘दस्तऐवज किंवा अन्य वस्तू’ असे मोघम शब्द होते. नव्या कलमात डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेली संपर्काची साधनेही स्पष्टपणे आली आहेत. कागद मागवणे वेगळे आणि माणसाचा अख्खा फोन मागवणे वेगळे. त्याच संहितेचे पुढचेच कलम पाहा: टपाल खात्याच्या ताब्यातले साधे पोस्टकार्ड हवे असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचाच आदेश लागतो. पोस्टकार्डाला जे संरक्षण आहे ते आपल्या खासगी संदेशांना का नसावे?

कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते, की कागद बँकेकडे दिले म्हणून खातेदाराचा खासगीपणा संपत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. परंतु हक्काचा भंग झाला हेच कळणार नसेल, तर न्यायालयाचे दार ठोठावायचे कोणी आणि केव्हा? तपास बिघडण्याची भीती असेल तर सूचना उशिरा द्यावी. पण ती द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

प्रतिसाद : एक निवृत्त पोलीस अधिकारी

ताई, आपली तळमळ समजते, पण तपासाच्या टेबलावरून हे चित्र निराळे दिसते. ऑनलाइन फसवणुकीत एखाद्या वृद्ध माणसाची आयुष्याची पुंजी तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरून निघून जाते. १९३० या मदतक्रमांकावर तक्रार आल्यानंतर प्रत्येक खात्याची माहिती घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करत बसलो, तर हाती काहीच लागणार नाही. हरवलेल्या मुलीच्या फोनचे शेवटचे ठिकाण रविवारी रात्री हवे असते. तेव्हा कोणत्या न्यायालयाची वाट पाहायची?

शिवाय असे समन्स, म्हणजे वस्तू हजर करण्याचा हा आदेश, झडती नव्हे. झडतीत आम्ही घरात शिरतो. समन्समध्ये समोरच्याने स्वतः वस्तू आणून द्यायची असते आणि आदेश चुकीचा वाटला तर त्याला न्यायालयात जाता येते. आरोपीवर हे कलम चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच श्यामलाल चोक्सी प्रकरणात ठरवले आहे, कारण स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ला मान्य नाही. मग भीती नेमकी कोणाची?

धागालेखिका

साहेब, मुलीच्या शोधाला कोणीच हरकत घेणार नाही. तातडीच्या प्रसंगी आधी माहिती घ्यावी आणि नंतर न्यायालयाला कळवावे. पण ‘समोरच्याला न्यायालयात जाता येते’ या वाक्यातला ‘समोरचा’ कोण, ते पाहा. आदेश बँकेला किंवा फोन कंपनीला मिळतो. माहिती माझी, आणि हरकत घेण्याचा अधिकार मात्र अशा संस्थेकडे, की जिचे त्यात काहीच जात नाही.

अमेरिकेत १९७६ साली मिलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेतल्या नोंदींवर खातेदाराचा हक्क नाकारला होता. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, तिथल्या संसदेने कायदा करून संघीय यंत्रणांना खातेदाराला समन्सची प्रत देणे आणि आव्हानासाठी मुदत देणे बंधनकारक केले. न्यायालयाच्या आदेशाने ही सूचना लांबवता येते. त्या कायद्याला अपवाद पुष्कळ आहेत, पण तत्त्व स्पष्ट आहे.

प्रतिसाद : बँकेत तीस वर्षे नोकरी केलेला

शाखेच्या बाजूने सांगतो. आदेश न पाळणे हा गुन्हा असल्याने व्यवस्थापक सहसा उलट प्रश्न विचारत नाही. वाद एका व्यवहाराचा असतो आणि मागितले जाते तीन वर्षांचे संपूर्ण स्टेटमेंट. त्यात औषधांची बिले असतात, देणग्या असतात, मुलीला दरमहा पाठवलेले पैसे असतात. यांतल्या कशाचाही गुन्ह्याशी संबंध नसतो. ती पाने छापून देताना मला अनेकदा अवघडल्यासारखे झाले आहे. १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा बँकेच्या वह्यांसाठी न्यायालयाचा आदेश अपेक्षितो, आणि तो आदेश पाळण्यापूर्वी तीन दिवस आधी बँकेला द्यावा असेही सांगतो. बँकेचा विचार तेव्हाही झाला होता. खातेदाराचा अजून व्हायचा आहे.

प्रतिसाद : निवृत्त पोलीस अधिकारी

ही तक्रार रास्त आहे. आदेशात गुन्ह्याचा क्रमांक, नेमका कालावधी आणि मागणीचे कारण लिहिलेच पाहिजे. मोघम मागण्या मीही पाहिल्या आहेत आणि त्या आळसातून येतात. सूचनेला मात्र माझा विरोध कायम आहे. खाते भावाच्या नावावर आणि पैसे टोळीचे, असे सर्रास घडते. भावाला कळले की टोळीला कळले.

धागालेखिका

म्हणूनच मी ‘उशिरा’ म्हणते आहे, साहेब. आणि आपल्याकडे हे अशक्य नाही. वकिलांना पाठवल्या जाणाऱ्या समन्सविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले, की वकिलाचे डिजिटल उपकरण मागवायचे असेल तर ते न्यायालयापुढेच हजर करावे आणि ज्याची माहिती शोधायची आहे त्या पक्षकाराला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे. वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयता खास आहे, हे मान्य. पण डॉक्टरच्या फोनमधला रुग्ण किंवा पत्रकाराच्या फोनमधला माहितगार यांचे काय? २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच फोनचे सीडीआर (कोणाला केव्हा फोन केला याच्या नोंदी) बेकायदा मिळवून विकणाऱ्यांना पकडले होते, तेव्हा ही माहिती बाजारात किती सहज पोहोचते ते सर्वांना दिसले.

प्रतिसाद : निवृत्त पोलीस अधिकारी

ठाण्याच्या त्या प्रकरणाने खात्यातल्या प्रामाणिक माणसांचीही मान खाली गेली होती. तरी एक व्यावहारिक प्रश्न उरतो: साक्षीदारांचे समन्स बजावायला जिथे माणसे पुरत नाहीत, तिथे या हजारो सूचना कोण पोहोचवणार?

प्रतिसाद : बँकेत तीस वर्षे नोकरी केलेला

पोलिसांनी पोहोचवण्याची गरजच नाही. खात्यातून पैसे वजा झाले की बँक खातेदाराला संदेश पाठवते. न्यायालयाने ठरवून दिलेली मुदत संपली, की त्याच यंत्रणेतून हाही संदेश जाऊ शकतो: अमुक तारखेला, अमुक कालावधीची माहिती, अमुक पोलीस ठाण्याला दिली.