एकच टीम सगळं जिंकत असेल तर सायकल रेस बघायची मजा कमी होते का?

चढावरचा_चाहता:
मंडळी, २०२५ ची टूर, म्हणजे टूर द फ्रान्स, संपली तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय. २०२० ते २०२५ सहा टूर झाल्या आणि जिंकणारी माणसं फक्त दोन, पोगाचार चार वेळा आणि विंगेगार्ड दोन वेळा. २०२५ ला हॉटाकामच्या चढावर पोगाचार सुटला तो सुटलाच, विंगेगार्ड २ मिनिटं १० सेकंद मागे. ती एकवीसपैकी बारावी स्टेज (एका दिवसाचा टप्पा) होती, म्हणजे अजून नऊ स्टेज बाकी आणि निकाल मात्र लागल्यात जमा. त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याची, युरोपियन चॅम्पियनशिप त्याची, इटलीतली लोम्बार्डियाची एकदिवसीय रेस तर सलग पाचव्यांदा. टीमचं बघायचं तर त्याच्या यूएई टीमने एका सीझनमधल्या विजयांचा एचटीसी कोलंबिया टीमचा २००९ चा ८५ चा रेकॉर्डही मोडून टाकला.

पोगाचार मला मनापासून आवडतो, त्याच्यासारखा रायडर बघायला मिळतोय हे भाग्यच. पण २०२४ च्या झुरिकच्या वर्ल्ड्सला तो जवळपास १०० किमी बाकी असताना निघाला आणि मागचे सगळे एकमेकांकडे बघत राहिले तेव्हा वाईट वाटलं, कारण त्या घोळक्यात एव्हनपूल होता, व्हॅन डर पूल होता, साधीसुधी माणसं नव्हती ती. तुम्हाला काय वाटतं, एका माणसाचं वर्चस्व जास्त कंटाळवाणं का एका टीमचं? आणि खरी टक्कर कशाला म्हणायची?

घाटवेडी:
दादा, माझं उत्तर सरळ आहे, टीमचं वर्चस्व जास्त कंटाळवाणं. पण त्यातही एक मेख आहे, तीच टीम जेव्हा कोणाला तरी हरवायला निघते तेव्हा तिच्याइतकं बघण्यासारखं दुसरं काही नाही. २०२२ ची अकरावी स्टेज आठवा, कोल द्यु ग्रानोंवाली. पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे, आधीच्या दोन टूर जिंकलेला, त्याला कोणी हात लावेल असं वाटतच नव्हतं. विंगेगार्डच्या टीमने, यम्बो व्हिस्माने काय केलं, रोग्लिच आणि विंगेगार्ड दोघांना आळीपाळीने अटॅकला पाठवलं. ग्रानोंच्या आधीच्या गॅलिबिए घाटावर आधी एक अटॅक करणार, पोगाचार उठून त्याच्या मागे, तो जरा स्थिरावतो तोवर दुसरा निघणार, पुन्हा पोगाचार मागे. आणि गडी प्रत्येक अटॅकला स्वतः उत्तर देत होता! ग्रानोंचा माथा २४१३ मीटरवर आहे, शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये विंगेगार्ड निघाला आणि पोगाचारचे पाय संपले, जर्सीची चेन उघडी, खांदे हलतायत, बघता बघता २ मिनिटं ५१ सेकंद गेले.

आता यात वर्चस्व टीमचंच होतं ना? तरी ती माझ्यासाठी गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात भारी स्टेज आहे, कारण रोग्लिचने त्या दिवशी स्वतःचा चान्स जाळला. दोन वर्षांपूर्वी, २०२० ला, ला प्लांश दे बेल फीयच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत) याच पोगाचारने त्याच्या अंगावरची पिवळी जर्सी काढून घेतली होती, ५७ सेकंदांची आघाडी घेऊन निघाला होता बिचारा आणि टूर ५९ सेकंदांनी हरला. त्या माणसाने दोन वर्षांनी दुसऱ्यासाठी अटॅक करून अटॅक करून पोगाचारला फोडला. टीमची ताकद हरण्याची जोखीम घेण्यासाठी वापरली तर माझी काही तक्रार नाही.

आणि त्याच २०२२ च्या टूरमधली अठरावी स्टेज. स्पांदेलच्या उतारावर पोगाचार खडीवर घसरून पडला, विंगेगार्डने वेग कमी केला, वळून बघितलं, तो येईपर्यंत थांबला. पोगाचारने येऊन हात पुढे केला. दोघं हात मिळवून पुढे निघाले आणि थोड्याच वेळात हॉटाकामवर विंगेगार्डने त्याला परत मागे टाकलं. टक्कर म्हणजे हे.

जुना_गिअर:
ताई, ग्रानों मान्य, पण तुम्ही पैशाचा मुद्दा बाजूला ठेवताय. रोड सायकलिंगमध्ये टीमच्या खर्चावर मर्यादा नाही, पगारावर नाही. टीव्हीच्या हक्कांचे पैसे टीम्सना वाटून मिळत नाहीत, तिकीट लावून प्रेक्षक येत नाहीत, जवळपास सगळा कारभार स्पॉन्सरवर. मग ज्याचा स्पॉन्सर मोठा तो दुसऱ्या टीमचा नंबर एकचा रायडर उचलून आणतो आणि आपल्याकडे पाणी आणायला लावतो. दुसऱ्या टीममध्ये जो माणूस पोडियमवर उभा राहिला असता तो इथे लीडरच्या पुढे राहून वारा खातो आणि तीन किमी बाकी असताना बाजूला होतो.

हे स्काय या ब्रिटिश टीमच्या वेळी आपण भोगलंय. २०१२ ते २०१९ आठ टूर, त्यातल्या सात त्यांच्या. विगिन्स, फ्रूम चार वेळा, थॉमस आणि मग इनिऑस नाव झाल्यावर बर्नाल. मधे फक्त २०१४ ला निबाली. चढ सुरू झाला की पुढे त्यांचे चार-पाच जण ओळीत, पॉवर मीटरवर नजर, वेग असा की अटॅक करणाऱ्याला दोनशे मीटरही मोकळे मिळू नयेत. २०१२ ला फ्रूमचे पाय विगिन्सपेक्षा चांगले आहेत हे ला तुसुइरच्या चढावर सगळ्या जगाला दिसलं, तो निघालाही, आणि रेडिओवर सांगून त्याला थांबवलं. एकाच टीमचे दोघं पहिले-दुसरे आले आणि खरा सामना झालाच नाही, तो रेडिओवरच मिटला. मला अजूनही त्या टूरची चीड येते.

२०१८ पासून ग्रँड टूरमध्ये, म्हणजे इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची वुएल्टा या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, टीम नऊऐवजी आठ जणांची केली, तेव्हा म्हणे वर्चस्व कमी होईल. झालं का? २०२३ ला यम्बो व्हिस्माने जिरो, टूर, वुएल्टा तिन्ही जिंकल्या, तीन वेगवेगळ्या रायडरनी, रोग्लिच, विंगेगार्ड, कुस. एका वर्षात असं आधी कोणत्याही टीमने केलं नव्हतं. वुएल्टात तर पहिले तिघंही त्यांचेच. खर्चाला लगाम घातल्याशिवाय हे बदलणार नाही.

सोलो_अटॅक:
पण जुना_गिअर भाऊ, पोगाचार स्कायसारखा खेळत नाही ना! तो फ्लँडर्स, सान रेमो अशा एकदिवसीय रेसनाही येतो, २०२५ ला पाव्हेवर, म्हणजे दगडी रस्त्यांवर, होणाऱ्या रूबेलाही पहिल्यांदा आला. टूरचा मानकरी रूबेला उतरून जिंकायला बघतो हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी केलं होतं? आणि तिथे तो हरला. वळण चुकून पडला, व्हॅन डर पूल निघून गेला तो सलग तिसऱ्यांदा जिंकूनच थांबला. त्याच्या तीन आठवडे आधी सान रेमोला पोगाचारने चिप्रेस्सा आणि पोज्जो या चढांवर जीव तोडून अटॅक केले, तरी व्हॅन डर पूल चाकाला चिकटून राहिला आणि स्प्रिंटमध्ये जिंकला, पोगाचार तिसरा. ज्यांना वर्चस्वाचा कंटाळा आलाय त्यांनी जुलै सोडून मार्च-एप्रिल बघा राव.

पुलिदोरचा_नातेवाईक_नाही:
व्हॅन डर पूलचा विषय निघालाच आहे तर त्याच्या आजोबांबद्दल बोलायलाच हवं. रेमों पुलिदोर, टूरच्या पोडियमवर आठ वेळा उभा राहिला, तीनदा दुसरा, पाचदा तिसरा, आणि पिवळी जर्सी अंगावर एक दिवससुद्धा नाही. त्याचा प्रतिस्पर्धी ज्याक आँकतिल पाच टूर जिंकला. आणि फ्रान्समध्ये लोकांचं प्रेम कोणावर? पुलिदोरवर!

१९६४ ला प्वी द दोमच्या चढावर दोघं अक्षरशः खांद्याला खांदा लावून चढतायत असा फोटो आहे, सायकली एकमेकींना घासतील इतक्या जवळ. आँकतिल दमला होता पण ते दिसू द्यायचं नाही म्हणून मागे न राहता बाजूला राहिला, आणि पुलिदोरला वाटलं याच्यात अजून दम आहे. शेवटच्या किलोमीटरमध्ये कुठे पुलिदोरने त्याला मागे टाकलं. वेळ मिळवला, पण पिवळी जर्सी १४ सेकंदांनी आँकतिलकडेच राहिली आणि टूर ५५ सेकंदांनी. तो एक किलोमीटर आधी निघाला असता तर, यावर लोक आजही वाद घालतात. म्हणून मला वाटतं टक्कर व्हायला दोघं तुल्यबळ असण्याची गरज नाही, हरणारा परत परत यायला हवा. त्या हिशोबाने विंगेगार्डची किंमत आपण फार कमी करतो. एप्रिल २०२४ मध्ये बास्क कंट्रीच्या रेसमध्ये पडला, फुप्फुसाला इजा, बरगड्या मोडल्या, कॉलरबोन मोडलं, आणि जुलैत टूरमध्ये ल लिओरानला पोगाचारला समोरासमोर स्प्रिंटमध्ये हरवलं. हॉटाकामचे आकडे सांगताना हेही सांगा.

आणि व्हॅन डर पूलने २०२१ ला म्यूर द ब्रेतान्यवर स्टेज जिंकून पिवळी जर्सी घेतली तेव्हा पुलिदोर जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. रेषेवर त्याने बोट आकाशाकडे केलं होतं. मी त्या वेळी रडलो, सांगायला लाज नाही.

घाटवेडी:
@जुना_गिअर पैशाचं पटतंय, पण पैसा असूनही कसं हरता येतं ते २०२५ च्या जिरोत बघितलं ना आपण. विसावी स्टेज, फिनेस्त्रेचा चढ, वरचा भाग कच्चा रस्ता. यूएईचा देल तोरो गुलाबी जर्सीत (जिरोच्या लीडरची), कारापाझ दुसरा. सायमन येट्स तिसरा होता, तो निघाला तर हे दोघं एकमेकांकडे बघत बसले, तू पाठलाग कर, नाही तू कर. येट्सची टीम व्हिस्माने व्हॅन आर्टला आधीच ब्रेकअवेमध्ये, म्हणजे पुढे निसटलेल्या गटात, पाठवून ठेवलं होतं, तो पलीकडच्या सपाटीवर येट्सला ओढत घेऊन गेला, आणि जिरो येट्सचा. २०१८ ला याच फिनेस्त्रेवर येट्सच्या अंगावरची गुलाबी जर्सी गेली होती!

आणि बायकांच्या टूरबद्दल इथे कोणीच बोललं नाही म्हणून मीच लिहिते. २०२४ ला एसडी वर्क्स टीमचा दबदबा, त्यांची लीडर फोलरिंग पिवळ्या जर्सीत, पाचव्या स्टेजला आम्नेव्हिलच्या अलीकडे पडली. १ मिनिट ४७ सेकंद गेले, आणि पुढे स्टेज जिंकली कोणी तर तिच्याच टीममेटने, ब्लांका वासने. शेवटच्या दिवशी फोलरिंग ग्लांदोंच्या चढावर निघाली, आल्प द्युएझला स्टेज जिंकली, आणि पिवळ्या जर्सीतली निएवियादोमा मागे चढावर एकेक सेकंद वाचवत आली आणि टूर ४ सेकंदांनी तिची. पुरुष आणि बायका दोन्ही धरून टूरच्या इतिहासातला सगळ्यात कमी फरक, १९८९ च्या लेमाँड-फिन्योंच्या ८ सेकंदांपेक्षाही कमी. टीम सगळ्यात तगडी असून आपल्याच लीडरला वाचवू शकली नाही. वर्चस्व कागदावर असतं, रस्त्यावर प्रत्येक दिवशी नव्याने सिद्ध करावं लागतं, म्हणून मी बघते.

चढावरचा_चाहता:
फिनेस्त्रेचा मुद्दा एकदम पटला. पण माझी शंका अजून आहेच, हे सगळे दिवस तुम्ही सहा-सात वर्षांतून निवडून काढलेत, मधले जे दिवस यूएई पुढे बसून रेस आवळून धरते त्यांचं काय?

सोलो_अटॅक:
अरे त्यातलाच एक दिवस सांगतो. २०२५ ची शेवटची स्टेज, पॅरिस, पाऊस, मोंमार्त्रचे दगडी रस्ते. रस्ते ओले म्हणून एकूण निकालासाठीचा वेळ शेवटच्या रेषेच्या आधीच मोजून घेतला होता, पोगाचारची टूर पक्की झाली होती, आरामात मागे बसून फिरला असता. तरी तो पुढे गेला आणि त्या निसरड्यावर अटॅक करत राहिला, पडला असता तर हातपाय मोडले असते. आणि शेवटच्या फेरीत त्याच मोंमार्त्रवर व्हॅन आर्टने त्याला मागे टाकलं आणि एकटा जिंकून आला. टूर जिंकलेला माणूस काहीच मिळणार नसताना हरायला तयार असेल तर मी अजून दहा वर्षं त्याचं वर्चस्व बघेन. स्कायच्या वेळी असं कोणी कधी केलं होतं ते जुना_गिअरने सांगावं.